फोटोतला काळा कुत्रा लाकडात उतरवताना

नाशिकच्या एका ताईंनी विचारले आहे. त्यांचा काळू दोन महिन्यांपूर्वी गेला. पिल्लू असताना रस्त्यावरून आणलेला, अंगाने पूर्ण काळा, भुवयांच्या जागी दोन तपकिरी ठिपके. तेरा वर्षे घरात होता. आता त्यांच्याकडे मोबाइलमधले फोटो आहेत, एक पट्टा आहे आणि डबीत थोडी राख आहे. त्यांना फोटोवरून लाकडात कोरलेला फलक करून घ्यायचा आहे. फोटो कोणता द्यावा, लाकूड कोणते घ्यावे, लेझरवर करावे की हाताने, फोटोत एका कानाचे टोक कापलेले दिसते ते कोरताना नीट करून मिळेल का, आणि राख त्यात बसवता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी त्यांनी लिहिले आहे, "घरातले म्हणतात, कुत्र्यासाठी एवढं कशाला?"

ताई, मी कोल्हापूरचा. आमचा घरचा धंदा देव्हारे आणि चौकटींवरच्या नक्षीचा. गेली बावीस वर्षे मी त्याच्या जोडीने चेहरे कोरतो, माणसांचे आणि जनावरांचेही. तुमच्या प्रश्नांत फोटोचा प्रश्न सर्वांत मोठा आहे, म्हणून त्यावर जास्त बोलतो. लाकूड किंवा पॉलिश चुकले तर सावरता येते. फोटो चुकला की ती चूक शेवटच्या घावापर्यंत सोबत येते.

फोटो ही उजेडाची नोंद असते. कुठे किती उजेड पडला, एवढेच त्याला ठाऊक. कोरणाऱ्याला हवी असते उंची आणि खोली: नाकाचा शेंडा किती पुढे, डोळ्याची खोबण किती आत, गालाचे हाड कुठे वळते. पांढऱ्या किंवा बदामी कुत्र्याच्या फोटोत सावल्या स्पष्ट दिसतात आणि त्यांवरून खोलीचा अंदाज बांधता येतो. काळ्या कुत्र्यात सावली आणि रंग एकमेकांत मिसळून जातात. नाक काळे, ओठ काळे, गाल काळा, कानाच्या आतली पोकळीही काळी. यांतली फक्त कानाची पोकळी खरोखर खोल आहे. नाक तर सगळ्यांत पुढे आहे, पण फोटोत ते सगळ्यांत गडद.

माझ्याकडे पहिला काळा कुत्रा आला तो डॉबरमन होता. फोटोत जे गडद होते ते मी खाली घेतले आणि जे उजळ होते ते वर ठेवले. फलक देखणा झाला होता. न्यायला आलेल्यांच्या सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तिने बराच वेळ पाहिले आणि विचारले, "काका, हा कोणाचा आहे?" मी पैसे घेतले नाहीत आणि दुसरा कोरून दिला. पहिला फलक अजून माझ्याकडे आहे. हाताखाली नवा मुलगा आला की मी आधी तो त्याच्यासमोर ठेवतो आणि नाकाच्या शेंड्यावर बोट फिरवायला सांगतो. तिथे खड्डा आहे.

संगणकही नेमकी हीच चूक करतो. फोटो काळा-पांढरा करून, पांढरे ते उंच आणि काळे ते खोल असा हिशोब लावून मशिनवर कोरायची सोय आता सर्रास मिळते. त्यातून निघालेल्या काळ्या कुत्र्याच्या भुवयांवरचे तपकिरी ठिपके फोडासारखे वर येतात, कारण तेच काय ते उजळ असतात. कोणी तुम्हाला दहा मिनिटांत फोटोवरून थ्रीडी फाइल करून दाखवली, तर पहिल्यांदा त्या ठिपक्यांकडे आणि नाकाकडे बघा.

आता तुमचे फोटो. तुम्ही तीन फोटोंचे वर्णन केले आहे. पहिला वाढदिवसाचा, फ्लॅश मारून समोरून काढलेला, जीभ बाहेर. दुसरा उंबऱ्यावर झोपलेला. तिसरा पावसाळ्यातला, गॅलरीच्या कठड्यातून रस्त्याकडे बघताना, तोंड थोडे वळलेले. तुम्हाला पहिला आवडतो, कारण तो तुमच्याकडे बघतो आहे. मी तिसरा घेईन.

कारण सांगतो. उठावाचे काम, म्हणजे फळीतून आकार वर काढायचे काम, पातळ फळीत होते. समोर बघणाऱ्या कुत्र्याचे तोंड आपल्या दिशेने पुढे आलेले असते. खऱ्या डोक्यात नाकाच्या शेंड्यापासून कानामागपर्यंत सात-आठ इंच अंतर सहज असते आणि ते मला अर्ध्या इंचात दाबायचे असते. समोरून बघणारे लांब तोंड दाबले की बसके होते आणि कुत्रा वेगळ्याच जातीचा दिसू लागतो. नाण्यांवर राजांचे चेहरे बहुतेक वेळा बाजूने का असतात, याचे एक कारण हेच. तोंड थोडे वळलेले असले की नाकाची लांबी आडवी मोजता येते, दोन्ही डोळेही दिसतात आणि खोली थोडी पुरते. शिवाय मोबाइल तोंडाजवळ नेऊन फोटो काढला की नाक फुगते आणि कान मागे पळतात. वाढदिवसाच्या फोटोत तसेच झाले असणार. तुमच्या आठवणीतला काळू असा नव्हता, भिंग तसे होते.

पावसाळ्यातल्या फोटोचा दुसरा गुण म्हणजे उजेड. ढगाळ दिवशी आभाळाचा मऊ उजेड काळ्या अंगावर चकाकीच्या पट्ट्या सोडतो: नाकाच्या दांड्यावर एक, डोळ्याखालच्या हाडावर एक, मानेच्या वळणावर एक. काळ्या जनावराचा आकार या चकाकीतच कळतो. फ्लॅशने ती सगळी पुसली जाते. डोळ्यांत हिरवट-पिवळी आग दिसते ती वेगळीच, कारण कुत्र्याच्या डोळ्याच्या मागे उजेड परतवणारा थर असतो. अशा फोटोवरून डोळा कोरता येत नाही.

पण पहिला आणि दुसरा फोटो फेकू नका. पहिल्यातून मला कानांची उंची आणि ठिपक्यांची जागा मिळेल. झोपलेल्या फोटोत ओठाची कड आणि मिशांची मुळे दिसतात का ते पाहीन. एका फोटोवर मी कधीच काम करत नाही. किमान दहा-बारा मागतो आणि एखादा व्हिडिओ, कितीही हललेला का असेना. कुत्रा हाक ऐकून डोके फिरवतो त्या दोन सेकंदांत कान कसा मुळापासून वळतो ते दिसते, तेवढे शंभर फोटोंत दिसत नाही. आणि सगळे फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसते पाठवले तर फाइल बारीक होते, आणि काळ्या भागातले बारकावे सर्वांत आधी जातात. मूळ फाइल हातात आली की मी गडद भाग उजळून बघतो, तेव्हा कधी कधी काळ्या डागातून अख्खा गाल वर येतो.

शेवटच्या आजारातले फोटो देऊ नका. लोक तेच आधी पाठवतात, कारण तेच मोबाइलमध्ये वरती असतात. काळू पाच ते आठ वर्षांचा असतानाचे शोधा.

फोटो संपतात तिथून पुढे तुमचा हात कामाला येतो. हे मला एका आजोबांनी शिकवले. त्यांचा कुत्रा गेला होता आणि फोटो दोनच, तेही लग्नाच्या मांडवातले. मी नेहमीप्रमाणे लाकडाला हात लावण्याआधी फळीवर शाडूच्या मातीचा उठाव केला होता. गणपती करतात तीच शाडू, ओल्या फडक्याखाली ठेवली की चार-पाच दिवस कामाला येते. आजोबांना दाखवला. ते म्हणाले, "चांगला आहे, पण डोळ्यांनी मला सांगता येत नाही." मग त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि मातीच्या डोक्यावर हात ठेवला. कपाळावरून अंगठा खाली आणत दोन डोळ्यांच्या मध्ये थांबले. "इथं खड्डा होता. माझा अंगठा बसायचा." आणि बोटे मागे नेऊन म्हणाले, "इथलं हाड वर यायचं, तुम्ही सपाट केलंय." मी तिथेच त्यांच्या बोटांखालची माती हलवत गेलो. अर्ध्या तासाने त्यांनी डोळे उघडले आणि काही बोलले नाहीत. मला तेवढे पुरेसे होते.

तेव्हापासून मातीचा टप्पा मी कोणासाठीही वगळत नाही. तेरा वर्षे रोज ज्या डोक्यावरून हात फिरवला, त्याची मापे तुमच्या तळहातात आहेत. काम तुम्ही माझ्याकडे द्या किंवा तुमच्या गावच्या कारागिराकडे, त्याला आधी मातीत करून दाखवायला सांगा. माती हलते, लाकूड हलत नाही. एकदा खाली घेतलेले लाकूड परत वर येत नाही.

आता कानाचे. तुम्ही विचारले, टोक कापलेले आहे ते नीट होईल का. ताई, ते टोक बहुधा नसबंदी आणि लसीकरणाच्या वेळी कापलेले आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची शस्त्रक्रिया झाली की ओळखीसाठी कानाला छेद देतात, म्हणजे तोच कुत्रा पुन्हा पकडला जात नाही. मला कोरताना ते टोक पूर्ण करणे अगदी सोपे आहे, दोन मिनिटांचे काम. पण माझे म्हणणे आहे, करू नका. काळ्या देशी कुत्र्यांचे चेहरे परक्या माणसाला सारखेच वाटतात, आणि काळूला वेगळे करणाऱ्या ज्या तीन-चार खुणा आहेत त्यांत हा कान आहे. तो रस्त्यावरचा होता, कोणीतरी त्याला धरले, त्याच्यावर शस्त्रक्रिया केली आणि तो तुमच्याकडेच राहिला, हे सगळे त्या अर्ध्या इंचात आहे. तरी निर्णय तुमचा. मातीत दोन्ही करून दाखवतो, समोर ठेवून बघा. आजवर ज्यांना असे दोन्ही दाखवले, त्यांनी कापलेलाच कान ठेवला.

ठिपक्यांचे मात्र वेगळे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांना चतुरक्ष म्हटले आहे, चार डोळ्यांचे. भुवयांवर ठिपके असलेले कुत्रे बघूनच ते म्हटले असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मला काळूचे हे दोन डोळे रंग न लावता दाखवायचे आहेत. लाकडावर रंगाचा फरक पोताने दाखवता येतो. बारीक खाचा पाडलेला भाग सावली धरतो आणि गडद दिसतो, गुळगुळीत भाग उजळ दिसतो. म्हणून सगळ्या चेहऱ्यावर केसांच्या दिशेने खाचा घ्यायच्या आणि ठिपक्यांची जागा धारदार पटाशीने नितळ ठेवायची. फोडासारखी वर काढायची नाही. दुरून दोन ठिपके उजळ दिसतात, आणि हात फिरवला तर तिथे फक्त भुवईचा हलका उंचवटा लागतो, जसा खऱ्या कुत्र्याला असतो.

लाकूड. लोक सागवान मागतात, कारण ते टिकते आणि घरात त्याचा मान आहे. देव्हाऱ्याला मीही सागवानच वापरतो. चेहऱ्याला टाळतो. त्याचे पट्टे ठळक असतात आणि एखादा गडद पट्टा नेमका डोळ्यातून गेला की कितीही चांगले कोरा, नजर पट्ट्यावरच जाते. शिवाय सागवानात वाळूचा अंश असतो, धार लवकर जाते आणि बारीक कामात ते जाणवते. शिवण मला जास्त आवडते: फिकट, हलके, पोत एकसारखा, आडव्या-उभ्या दोन्ही घावांना ऐकते. हेदूही चांगले, पिवळसर आणि दाट, पण चांगली फळी मिळायला फिरावे लागते. आंब्याची फळी स्वस्त मिळते. तिला किडीची भीती असते, औषध मारल्याशिवाय घेऊ नका.

काळ्या कुत्र्याला काळे लाकूड, म्हणून शिसम, असा विचार तुमच्या मनात येईल. माझ्याही आला होता. शिसमात कोरलेला चेहरा फोटोतल्या काळ्या कुत्र्यासारखाच होतो, सावली आणि रंग पुन्हा एक होतात. भिंतीवर लावला की दिवसा दिसतो, रात्री ट्यूबलाइटमध्ये गायब. शिसम घ्यायचेच तर दीडपट खोल कोरावे लागते आणि पृष्ठभाग घोटून चकाकी आणावी लागते, म्हणजे त्या पावसाळ्यातल्या फोटोसारखे उंचवटे चमकतील. मला ते काम करायला आवडते, पण वेळ जवळजवळ दुप्पट जातो. काळूसाठी मी शिवण घेऊन त्यावर हलका गडद तेलाचा हात देईन.

फळी कोणतीही असो, सुकलेली हवी. उघड्यावर सुकवायची तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा आमचा जुना हिशोब. ओल्या फळीवर कोरले की पहिल्याच उन्हाळ्यात नाकावरून भेग जाते. आणि फळीची नस, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, उभी ठेवायची. तुमच्या काळूचा एक कान ताठ आहे. नस आडवी असली तर ताठ कानाचे टोक एखाद्या दिवशी पुसताना फडक्यासोबत निघून येते.

लेझर की हात. लेझरवर फोटो लाकडावर जाळून उमटवतात. ते चित्रच असते, हाताला उठाव लागत नाही. काम स्वस्त, तासाभरात होते आणि फोटो चांगला असेल तर ओळखही पटते. तुम्हाला टेबलावर ठेवायला एखादी छोटी आठवण हवी असेल, भावंडांना प्रत्येकी एक द्यायची असेल, तर खुशाल लेझरवर करा, त्यात कमीपणा नाही. फक्त उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. वर्षे जातील तसे फिकट लाकूड पिवळे-तपकिरी होते आणि जळलेल्या रेषा व लाकूड यांतला फरक कमी होत जातो.

सीएनसी मशिनवर, म्हणजे संगणकाच्या फाइलवरून लाकूड कापणाऱ्या मशिनवर, खरा उठाव निघतो. मोठ्या फलकाचे जाडे लाकूड काढायला मी स्वतः मशिन वापरतो आणि गिऱ्हाइकाला तसे आधी सांगतो. वर शेवटचे दोन सूत हाताने काढतो. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आमच्यात इंचाचे आठ सूत.) मशिनचे काम हाताचे म्हणून विकणारेही भेटतील. ओळखायचे असेल तर फलक आडव्या उजेडात धरा. मशिनच्या गोल पात्याच्या सारख्या अंतराच्या समांतर रेषा गालावर दिसतात, कंगवा फिरवल्यासारख्या. हाताचा घाव कुठे लांब, कुठे आखूड असतो आणि केस वळतात तिथे तोही वळतो.

आठ बाय दहा इंची फलक, एक इंच जाडी, चार सूत उठाव, एवढ्याला मला माती धरून पस्तीस ते चाळीस तास लागतात. कोणी दोन दिवसांत हाताने देतो म्हणाला तर त्याला कसे, ते विचारा.

कोरताना काय होते, ते थोडे सांगतो, म्हणजे तुम्हाला काम बघताना कळेल. मातीवरून मापे घेऊन फळीवर कार्बनने रेषा उतरवतो आणि प्रत्येक भागावर पेन्सिलने आकडा लिहितो. नाकाचा शेंडा एक, जवळची भुवई दोन, गाल तीन, मान चार, लांबचा कान पाच, पार्श्वभूमी सहा. एक म्हणजे सर्वांत वर. हे आकडे फोटोतल्या उजेडाशी जुळत नाहीत, मुद्दाम जुळू देत नाही. मग गोल पटाशीने पार्श्वभूमी खाली नेतो, मोठे उतार पाडतो आणि बारीक कोरणीला शेवटपर्यंत हात लावत नाही. केस एकेक कोरायचे नसतात. नवशिके तिथेच फसतात आणि कुत्रा खराट्यासारखा होतो. केसांचे झुबके कोरायचे. कुत्र्याच्या तोंडावरचे केस नाकापासून मागे निघतात, दोन डोळ्यांच्या मधून कपाळावर जातात, गालावरून खाली मानेकडे वळतात. छातीवर एखादा भोवरा असतो. काळूला होता का, कोणत्या बाजूला, ते आठवून ठेवा.

डोळा मी सगळ्यांत शेवटी करतो, सकाळी, चहा घेतल्यावर, हात ताजा असताना. आधी बुबुळाचा गोळा पूर्ण गोल करतो, मग वरची पापणी त्यावर झाकल्यासारखी सोडतो, म्हणजे तिची सावली डोळ्यावर पडते. कुत्र्याच्या डोळ्याचे पांढरे फारसे दिसत नाही, ते दाखवले की डोळा माणसाचा होतो. मग बाहुली खोल घेतो, आणि ती घेताना वरच्या कोपऱ्यात ज्वारीच्या कणाएवढे लाकूड ठेवतो. न कापलेले. उजेड त्या कणावर थांबतो आणि कुत्रा बघायला लागतो. तो कण उडाला तर डोळा मेलेला दिसतो, आणि तो परत चिकटवता येत नाही. ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांच्यासाठी जाता जाता: मांजराची बाहुली भर उन्हात उभी चीर होते आणि संध्याकाळी गोल. फोटो दुपारचा असतो, तुमच्या आठवणीतले मांजर मात्र बहुधा रात्री मांडीवर बसणारे असते. कोरणाऱ्याला कोणते हवे ते सांगा.

राख बसवता येते. फलकाच्या मागच्या बाजूला, जिथे समोर मान आहे आणि लाकूड जाड आहे, तिथे मी एक छोटी खोबण घेतो. राख सुटी भरत नाही. ती दमट हवेत ओल धरते आणि लाकडाला डाग पाडते. काचेच्या छोट्या कुपीत कोरडी राख, बूच मेणाने बंद, कुपी खोबणीत आणि वर त्याच लाकडाची खुंटी. सगळी राख देऊ नका, चिमूटभर पुरते. बाकीचे नदीत सोडायचे की झाडाखाली घालायचे, ते घरातले मिळून ठरवा. केसांचा झुबका ठेवला असेल तर तोही धुऊन, पूर्ण वाळवून, काचेतच ठेवा. उघड्या ठेवलेल्या केसांना कसर लागते. पट्टा चिकटवू नका. चामडे आणि लाकूड दोन्ही हवेप्रमाणे हलतात आणि गोंद सुटतो. फलकाखाली पितळी आकड्याला अडकवा, हातात घ्यावासा वाटला तर घेता येईल.

पॉलिश चकचकीत नको. चकाकी पडली की चेहऱ्यावर ट्यूबलाइटचे डाग दिसतात आणि कोरलेले सगळे वाया जाते. जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात आणि वर मधमाश्यांचे मेण, बस. घरी स्वतः लावणार असाल तर एक गोष्ट कृपया लक्षात ठेवा. तेलाने भिजलेले फडके चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापते आणि पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून मग बाहेर उघडे पसरून वाळवा.

घरातले म्हणतात, कुत्र्यासाठी एवढं कशाला. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना आतकूरचा शिलालेख सांगा. कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यातला हा शिलालेख शके ८७२चा, म्हणजे इसवी सन ९४९-५०चा. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला. गंग राजा बूतुग याने मणलेर नावाच्या योद्ध्याला त्याच्या शौर्यासाठी काय हवे ते माग म्हटले, आणि मणलेराने राजाची आवडती शिकारी कुत्री काळी मागून घेतली. पुढे ती एका मोठ्या रानडुकराशी लढली. डुक्करही मेले आणि काळीही. तिच्यासाठी दगड उभारला, तिची लढत कोरली आणि दगडाच्या पूजेची सोयही लावून दिली. तो दगड आज बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. आमच्याकडे बेंदराच्या आधी शेतकरी येतात, गेलेल्या बैलाचा चेहरा गोठ्याच्या चौकटीवर कोरून मागतात, शिंगांचा वाक नेमका सांगतात. त्यांना कोणी कशाला म्हणून विचारत नाही.

नाव. मजकूर कमी ठेवा. नाव आणि दोन सालं पुरेत. कविता कोरू नका, अक्षरे बारीक करावी लागतात आणि वेलांट्या-मात्रांची टोके तुटतात. देवनागरी अक्षर चार सुतांपेक्षा लहान करायचे नाही, हा माझा नियम. घरात हाक मारायचा तेच नाव घाला, लसीच्या कार्डावरचे नको. 'काळू' कोरायला मला आवडेल. 'ळ'चे दोन वाटोळे घेर गोल पटाशीच्या एका मापात बसतात, आणि खालचा ऊकार शेपटीसारखा वळवता येतो. तो कुठल्या बाजूला शेपूट टाकून बसायचा, तेही कळवा.

फलक लावताना खिडकीच्या समोरची भिंत टाळा. उजेड समोरून पडला की उठाव चपटा दिसतो. खिडकी बाजूला येईल अशी भिंत निवडा, उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा थोडे खाली, म्हणजे येता-जाता हात पोचेल. हाताच्या तेलाने कपाळ आणि नाक काही वर्षांत गडद होतात. ते घासून काढायला कोणी सांगितले तर काढू नका.